मीठ फुटलेलं रान

(शिरोळ इथं भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



मला कविता वाचायला बोलावलं होतं. पत्रिकेत तसंच छापलंय. पण परवा रात्री मुंबईहून इथं उतरलो, सकाळी चुलत्याबरोबर ओढ्याकडच्या रानात गेलो, आणि वहीतल्या सगळ्या कविता मला लबाड वाटायला लागल्या. आपल्या कवितेत जमीन फार येते. कुणी तिला आई म्हणतो, कुणी तिची ओटी भरतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यानं आई म्हणावं. आपल्यातल्या बहुतेकांना ती सावत्र म्हणूनसुद्धा भेटलेली नाही. तेव्हा आज कविता राहू द्या. आज मातीवर बोलतो. मी मॅट्रिक झालेला, गोदीत पोती वाहणारा माणूस. शास्त्रज्ञ नाही. जे डोळ्यांनी बघितलं, जाणत्यांना विचारलं, वाचलं, तेवढंच सांगणार.

गावाच्या भाषेत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. आमचं उलटं झालंय. आमची काळीच पांढरी झाली. एक एकराला दोन गुंठे कमी एवढं रान. सकाळी उन्हं तिरपी असताना लांबून बघितलं तर वाटावं, कुणीतरी धुणं वाळत घातलंय. जवळ गेलं की मीठ. बोटानं उचलून जिभेला लावलं. खारट, आणि मागनं कडवट. पायाखाली वरचा पापुद्रा कुरकुरतो आणि त्याच्या खाली चिखल. कोरडं आणि ओलं एकाच जागी. आबा म्हणाले, "बघ लेकरा, पाण्यात बुडून तहानेनं मेलेली जमीन."

आबा कवी नाहीत. हे त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितलं.

इचलकरंजीहून, कोल्हापूरहून, मुंबईहून जे आलेत त्यांना हे कळायला थोडं मागं जावं लागेल. शिरोळ हा पाण्याचा तालुका अशी त्याची ख्याती. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. मळीची काळी जमीन, वांगी म्हणू नका, भाजीपाला म्हणू नका. पण आभाळाचं विचाराल तर शिरोळ हा कोरडा मुलूख. त्याच कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्याला पाऊस कोसळतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास इथं पडतो. आमचं पाणी आभाळातनं येत नाही, ते नदीतनं येतं. मोटर, पाइप, उपसा योजना. पूर्वी इथं शाळू, हरभरा, भुईमूग, तंबाखू. मग उपसा आला, कारखाने आले, ऊस आला. उसाला हातात पाणी होतं म्हणून पाटानं सोडलं. रात्री वीज आली की मोटर चालू करायची आणि झोपायचं. सकाळी उठून बघायचं, रान तुडुंब. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस असा एक अडाणी हिशोब, आणि तो शिकलेल्यांनीही केला.

आता कोरड्या हवेत हे पाणी काय करतं ते ऐका. काळी माती चिकट, तिच्यातनं पाणी खाली लवकर उतरत नाही. दिलेलं पाणी साठत साठत जमिनीखालची पातळी वर येते. पाच फूट, चार फूट, तीन फूट. मग दिव्याची वात जशी तेल ओढते तशी माती ते पाणी वर ओढते. वर ऊन. पाण्याची वाफ होते, उडून जाते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार जागच्या जागी राहतात. दरवर्षी थोडे, आणखी थोडे. जिथं हजारो मिलिमीटर पाऊस पडतो तिथं ते धुऊन जातात. इथं धुवायला पाऊसच नाही. ही झाली खारवट जमीन. तिच्यावर आणखी काही वर्षं काढली की सोडियम मातीच्या कणाला चिकटतो, कण फुटून विरघळतात, माती ओली असताना साबणासारखी आणि वाळली की दगड. ती चोपण. खारवट परवडली, चोपण नको, असं जाणते लोक म्हणतात.

हे आज कळलंय असं नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि विसावं शतक उजाडून थोडी वर्षं होतात न होतात तोवर त्या पट्ट्यात जमिनी खारावायला लागल्या होत्या. विश्वेश्वरय्यांनी त्याच सुमाराला कालव्यावर ब्लॉकची पद्धत काढली. नेमून दिलेल्या रानापैकी तिसऱ्या हिश्श्यातच ऊस करायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं फिरवायची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सरकार दरबारी हे शहाणपण होतं. पुढं त्याचं काय झालं ते आमच्या रानात येऊन बघा.

मी गोदीत काम करतो म्हणून माझा एक वेगळा हिशोब आहे. २०२१-२२ च्या हंगामात भारतानं एक कोटी टनांहून जास्त साखर परदेशी पाठवली. त्या साली आमच्या टोळीनं गोदामात कंटेनर भरले. पोतं पन्नास किलोचं. डोक्यावर घ्यायचं, फळीवरनं आत जायचं, थप्पी लावायची, परत यायचं. एका कंटेनरला पाचशेच्या वर पोती. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं असं या विषयातले लोक सांगतात. सरासरीचा आकडा आहे, कुठं कमी कुठं जास्त. पण त्या हिशोबानं माझ्या डोक्यावरच्या एका पोत्यात लाख लिटर पाणी होतं. दहा टँकर. आणि एका कंटेनरमध्ये पाच कोटी लिटर.

आता २०१६ चा एप्रिल आठवा. लातूर शहराला प्यायला पाणी नव्हतं आणि आपल्या शेजारच्या मिरजेहून रेल्वेनं कृष्णेचं पाणी गेलं. सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत फोटो. पन्नास डब्यांची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर न्यायची. म्हणजे तसल्या वीस गाड्यांचं पाणी आम्ही एका कंटेनरमध्ये भरून दार लावून सील करत होतो. त्याचा फोटो कुणी काढला नाही. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाचं साठ-सत्तर टक्के पाणी तोच पितो, हा आकडा तर आता सरकारी अहवालांतसुद्धा गुळगुळीत झालाय. मुकादम मला म्हणायचा, "तू पोती मोज, लिटर मोजू नको." त्याचंही बरोबर होतं. मजुरी पोत्यावर होती.

बरं, पाणी कमी म्हणून रडावं तर २०१९ चा ऑगस्ट. २०१६ ला जिच्या पाण्याची आगगाडी झाली तीच कृष्णा तीन वर्षांनी घरात शिरली. पाऊस दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, महाबळेश्वरला, कोयनेला, राधानगरीला, आणि पूर आमच्या उंबऱ्यात येतो. २००५ ला आला तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर जन्मात एकदा. मग २०१९. मग २०२१ चा जुलै. हवामान बदललं की नाही यावर पुण्या-मुंबईत चर्चासत्रं होतात. इथं घराच्या भिंतीवर तीन रेघा आहेत, तीन सालांच्या. पूर ओसरल्यावर वरच्या रानांत पाणी महिन्याभरात हटलं. आमच्या ओढ्याकडच्या रानात दिवाळीपर्यंत चिखल होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात मीठ दुप्पट.

आता जातीवर येतो. माती तपासणाऱ्या यंत्राला जात कळत नाही हे मला माहीत आहे. पण उतार कळतो ना? मग उताराचा इतिहास सांगतो. महारकीच्या जमिनी कुठं होत्या? ओढ्याकाठी, गावाच्या खालच्या अंगाला, जिथं सगळ्या गावाचं पाणी उतरतं. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतन मोडलं आणि जमिनी आपल्या लोकांच्या नावे रयतावा करून दिल्या. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, आणि हलकी वतनं मोडणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. आमच्याकडं चाळीस वर्षं आधी झालं. वेठ सुटली, ही लहान गोष्ट नव्हे. पण जमीन होती तिथंच राहिली, खाली. वरच्या बागायतदारानं रात्रभर पाजलेलं पाणी जमिनीखालनं पाझरतं आणि आमच्या रानात उमळतं. म्हणजे आबांनी गेली पंधरा वर्षं ऊस लावलेला नाही, तरी उसाचं मीठ आमच्याकडं. पूर्वी गावाची मेलेली ढोरं आपल्याकडं यायची. आता गावाचे क्षार येतात.

टाळ्या नकोत. पुढचं ऐका, कारण पुढचं टाळ्यांचं नाही.

या रोगाला औषध आहे. जमिनीखाली चार-पाच फुटांवर भोकं असलेले पाइप ठरावीक अंतरानं अंथरायचे. त्यांना गाळणी म्हणून कापड गुंडाळलेलं असतं. साचलेलं खारं पाणी भोकांतनं आत येतं, तिथनं मोठ्या पाइपात, आणि मोठ्या पाइपातनं ओढ्यात. पाणी खाली उतरायला वाट मिळाली की वरनं पडणारा पाऊस आणि दिलेलं गोडं पाणी क्षारांना धुऊन खाली नेतं. चोपण असेल तर आधी माती तपासून हिशोबानं जिप्सम टाकायचं, धैंचा किंवा ताग पेरून फुलावर यायच्या आत गाडायचा. पण निचऱ्याची वाट नसताना नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे घाण दाराच्या फटीतनं आतल्या आत झाडणं. सुटलेला सोडियम जाणार कुठं? आबांना एका दुकानदारानं पाच-सहा वर्षांपूर्वी जमीन सुधारायचं म्हणून काळ्या पाण्याचे कॅन विकले. चार हजार रुपये गेले. रान तसंच. दुकानदार आता दुसरं काहीतरी विकतो.

इथं शिरोळमध्ये श्री दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन हजारो एकर क्षारपड जमिनीत हे पाइपांचं काम हाती घेतलं. लोक त्याला शिरोळ पॅटर्न म्हणतात. मी स्वतः अशी रानं बघून आलोय जिथं वीस-वीस वर्षं नुसता बेशरम आणि लव्हाळा होता आणि आता गहू उभा आहे. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ झिजत नाही. एवढंच की कारखान्याला ऊस हवा असतो. सुधारलेल्या रानात परत ऊस, परत पाटपाणी, असं झालं तर पाइप किती वर्षं पुरा पडणार, हे मी आताच विचारून ठेवतो.

पण यात मेख अशी की हे काम एकट्याच्या रानात होत नाही. पाणी उतारानं जातं, त्याला सातबारा कळत नाही. वीस-तीस जणांनी मिळून करायचं, आणि मोठा पाइप सगळ्यात खालच्या रानातनं काढून ओढ्याला सोडायचा. सगळ्यात खालचं रान कुणाचं? आमचं.

आणि म्हणून गेल्या महिन्यात आबांच्या दारात चार बागायतदार आले. ज्या दारात हे लोक सहसा येत नाहीत त्या दारात. खुर्च्या शेजारनं आणाव्या लागल्या. चहासुद्धा प्याले. म्हणाले, "तुमच्या बांधाकडनं पाइप काढायचाय, सही द्या." आबांनी विचारलं, "आमच्या रानात बारके पाइप घालणार का?" ते म्हणाले, "त्याचा खर्च तुमचा तुम्ही बघा." एकरी लाखाच्या पुढं खर्च आहे. आबांचं वय अडुसष्ट. ते अजून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात.

काल रात्री आपल्या पोरांची बैठक बसली. निम्मे म्हणाले, सही द्यायचीच नाही. आडवा त्यांना, मरू देत त्यांचा ऊस. मला ते ऐकताना बरं वाटलं, खोटं बोलत नाही. शंभर वर्षांत पहिल्यांदा उतार आपल्या बाजूनं आहे. पण पाइप अडवला तर आमचंही मीठ तिथंच राहतं. वरच्याची सोळा एकरांतली चार खराब झाली तर त्याचं बारा एकरांवर भागतं. आमचं आहे ते सगळंच खराब. सूड घेण्याइतकीसुद्धा जमीन आपल्याकडं नाही, दोस्तहो.

तेव्हा आबांनी चार अटी घातल्यात. आमच्या रानात बारके पाइप त्याच दिवशी पडले पाहिजेत, मागनं नाही. मोठ्या पाइपाचा खर्च एकरावर वाटायचा, माणशी नाही. आमच्या रानातनं पाइप जातो त्याबद्दल आमच्या वाट्याच्या खर्चात सूट द्यायची. आणि पाइपाचं तोंड बौद्धवाड्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला सोडायचं, वर नाही. सगळं कागदावर. तोंडी शब्दावर आपण दोन हजार वर्षं चाललो, आता कागद.

आणि इथंच आमचं घोडं अडलं. उरलेल्या खर्चाला कर्ज काढायला आबा गेले, तर सातबाऱ्यावर अकरा नावं. रयतावा झालेली जमीन वाटणी न होता चार पिढ्या नुसती नावं वाढवत राहिली. अकरातलं एक नाव माझ्या बापाचं. बाप मुंबईत जाऊन सहा वर्षं झाली. वारस नोंद कुणी करायची होती? मी. मोर्च्यात मी पुढं असतो. भूमिहीनांना जमीन मिळालीच पाहिजे ही घोषणा माझ्या आवाजात चांगली बसते असं सगळे म्हणतात. आणि ज्या अडतीस गुंठ्यांत माझा बारका वाटा आहे तिथं मेलेल्या बापाचं नाव तसंच ठेवून मी सहा वर्षं गोदीत पाणी मोजत बसलो. कर्ज देणाऱ्यांनी फाइल परत केली. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता पुढचं. समजा पाइप पडले, तीन-चार वर्षांनी रान परत काळं झालं. मग त्यात काय करायचं? आबा म्हणतात ऊस. मी म्हणालो, "आबा, पंधरा वर्षं तुम्ही मीठ बघितलं आणि परत ऊस?" त्यांनी मला गप्प केलं. "शाळू घिऊन कुटं जाऊ? उसाला कारखाना हाय, काटा हाय, बिल हाय. शाळवाला कोण इचारतंय?" याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. शेतकऱ्याला पाणी जपायला सांगायचं आणि भाव फक्त पाणी पिणाऱ्या पिकाला द्यायचा, ही लबाडी वरची आहे, ती आबांच्या एक एकरात सुटणार नाही. पण जे आपल्या हातात आहे तेही आपण करत नाही. ऊस केलाच तर ठिबकवर, पाटानं नाही. पाचट जाळायचं नाही, सरीत पसरायचं. त्यानं ऊन मातीला थेट लागत नाही, वाफ कमी, म्हणजे मीठ वर येणं कमी. दोन उसांच्या मध्ये एक हंगाम हरभरा किंवा ताग. आबा म्हणाले, अर्ध्यात ऊस, अर्ध्यात बाकीचं. विश्वेश्वरय्यांच्या तिसऱ्या हिश्श्याला अजून आमचे आबा पोचलेले नाहीत, पण वाद चालू आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनियरनं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस करायचा नाही. पुढं आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं तेव्हाही भूमिहीनाचा पाण्यातला वाटा मान्य केला. बारक्या योजना आहेत, त्यांच्या अडचणीही झाल्या. पण त्यांनी मांडलेला प्रश्न आपला आहे. २० मार्च १९२७ ला महाडला आपण प्यायच्या पाण्याला हात लावला. शेताच्या पाण्याला आपण अजून हात लावलेला नाही. गायरान मागतो, पडीक मागतो, आणि पाण्याशिवायची जमीन पदरात पडली की ढोल वाजवतो. या तालुक्यात उपसा योजनेच्या किती सभासदांची घरं आपल्या वस्तीत आहेत? मघाशी चहाच्या वेळी मी विचारलं. हात मोजायला एका हाताची बोटं जास्त झाली.

वेळ झालाय, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. कामाचं सांगतो. उद्या दुपारी मी बापाचा मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं जाणार आहे. अकरापैकी दोघं पुण्यात आहेत, एक आत्या कर्नाटकात दिलेली. त्यांच्या सह्या गोळा करायला दोन पोरं पाहिजेत, ज्यांना अर्ज नीट लिहिता येतो अशी. कविता चांगली लिहिणारी नकोत. रविवारी वरच्या रानवाल्यांबरोबर बैठक आहे, तिथं आबांबरोबर बसायला चार जण पाहिजेत. मी नसेन. माझं काम कंत्राटी, सोमवारी पहाटे पाळीवर गेलो नाही तर दुसरा उभा असतो.

आणि उद्या सकाळी सात वाजता ओढ्यावर मातीचे नमुने घ्यायचेत, पहिल्या फुटाचे वेगळे, दुसऱ्या फुटाचे वेगळे, कोल्हापूरला तपासायला द्यायला. कुदळ आबांकडं आहे. प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या तुम्ही आणा, खताच्या नकोत. आणि चांगल्या चपला घालून येऊ नका, रुततात.